ग्रो लाइट घेताय? आधी विचारा, एका युनिटमध्ये उजेड किती पडतो



खोलीतल्या केशराचे आणि मायक्रोग्रीनच्या रॅकचे व्हिडिओ सध्या ग्रुपवर फार फिरताहेत. जांभळ्या उजेडाने भरलेली खोली, कप्प्याकप्प्यांत ट्रे, आणि खाली एक मोबाइल नंबर. त्यानंतर कंपनीकडे येणारा प्रश्न ठरलेला असतो: "एक जण हजार वॉटची लाइट स्वस्तात देतोय, दुसरा अडीचशे वॉटच्या लाइटचे दुप्पट पैसे मागतोय. घेऊ कुठली?"

आज त्याच प्रश्नाचं उत्तर, जरा सविस्तर. वाचायला दहा मिनिटं लागतील. थोडं गणित आहे, पण पाण्याच्या पाळीचा हिशोब करणाऱ्याला अवघड नाही.

*आधी हे ठरवा: उजेड पोटासाठी की इशाऱ्यासाठी?*

झाडाला उजेड दोन कामांसाठी लागतो. एक म्हणजे अन्न तयार करायला. दुसरं म्हणजे ऋतू ओळखायला. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि त्यांना लागणाऱ्या उजेडात हजारपटीचा फरक आहे. निम्मी फसवणूक इथेच होते.

ड्रॅगन फ्रूट घ्या. हे मोठ्या दिवसाचं पीक. आपल्याकडे उन्हाळ्यात कळी धरतं आणि पावसाळा सरताना थांबतं, कारण रात्र मोठी होत जाते. आता बिगरहंगामी माल काढायचा म्हणून बागेत रात्री बल्ब लावतात. तो बल्ब झाडाला जेवू घालत नाही. तो फक्त मोठ्या रात्रीचे दोन तुकडे करतो. झाड खरं तर दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. रात्र मधेच तुटली की त्याला वाटतं, अजून उन्हाळाच आहे. (थंडी फार असेल तर नुसत्या बल्बने कळी निघत नाही, हेही लक्षात ठेवा.)

शेवंतीचं बरोबर उलटं. रात्र मोठी झाली की तिला फूल येतं. म्हणून पॉलिहाऊसवाले सुरुवातीचे काही आठवडे रात्री दहा ते दोन दिवे लावून तिला फुलू देत नाहीत. दांडा हवा तेवढा वाढला की दिवे बंद.

या कामाला पिकावर साधारण १०० लक्स उजेड पडला तरी भागतं. दुपारच्या उन्हाच्या तो हजारावा हिस्साही नाही. व्हिएतनाममधल्या पूर्वीच्या बिन्ह थुआन प्रांतातले ड्रॅगन फ्रूटवाले आधी पिवळे गरम बल्ब लावायचे, मग सीएफएल आले, आता एलईडी. तेही साधे, कमी वॉटचे बल्बच. दुकानात मिळणारा नऊ वॉटचा पिवळसर उजेडाचा एलईडी बल्ब घ्या. पांढऱ्याशुभ्र बल्बपेक्षा तो बरा, कारण रात्र मोजणारी झाडाची यंत्रणा लाल उजेड ओळखते आणि पिवळसर बल्बमध्ये लाल भाग जास्त असतो. ड्रॅगन फ्रूटच्या बागेसाठी कोणी ग्रो लाइटचं पॅनेल विकायला आला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

इथून पुढचं सगळं दुसऱ्या कामाबद्दल आहे. बंद खोली, रॅक, सूर्य नाही, आणि झाडाचं सगळं पोट दिव्यावर.

*वॉट म्हणजे पंपाचा एचपी*

पंप घेताना तुम्ही नुसता एचपी बघून घेता का? नाही. किती फुटांवरून किती पाणी टाकतो ते विचारता. पाच एचपीचे दोन पंप एकसारखंच पाणी देतात असं कोणी मानत नाही. दिव्याचं तेच आहे. वॉट म्हणजे तो किती वीज खातो. उजेड किती देतो, ते वॉटमध्ये कळत नाही.

बॉक्सवरचे ल्युमेनही इथे पुरे पडत नाहीत. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप. डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड जास्त दिसतो, लाल आणि निळा कमी. झाड मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या उजेडाचे कण मोजतं. हे कण मोजायचं एकक मोल. डझन म्हणजे बारा, तसा मोल हाही एक आकडाच आहे, फक्त प्रचंड मोठा. त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोमोल.

चांगल्या ग्रो लाइटच्या माहितीपत्रकावर 'मायक्रोमोल प्रति ज्यूल' असा आकडा लिहिलेला असतो. हीच दिव्याची कार्यक्षमता. पण ज्यूल आपल्या ओळखीचा नाही, आपल्याला युनिट कळतं. म्हणून एक सोपी युक्ती: त्या आकड्याला ३.६ ने गुणा. आलेलं उत्तर म्हणजे विजेच्या एका युनिटमध्ये किती मोल उजेड मिळतो ते.

आता तुलना बघा. जुना पिवळा गरम बल्ब ०.३ च्या आसपास, म्हणजे युनिटला जेमतेम एक मोल. बाकी सगळी उष्णता. सीएफएल एकच्या आतबाहेर, म्हणजे साडेतीन मोल. घरात लावतो ती साधी पांढरी एलईडी पट्टी, वॉटला १०० ल्युमेन देणारी, दीडच्या आसपास, म्हणजे ५.४ मोल. परदेशातल्या ग्रीनहाऊसमध्ये वर्षानुवर्षं वापरले गेलेले मोठे सोडियम दिवे, त्यातले चांगले, १.७, म्हणजे सहा मोलच्या थोडं वर. आजची चांगली एलईडी ग्रो लाइट २.५, म्हणजे नऊ मोल. अव्वल माल तीनच्या पुढे जातो, म्हणजे अकराच्या आसपास.

हे आकडे झपाट्याने बदलले आहेत. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्य विद्यापीठात नेल्सन आणि बगबी यांनी मोजणी केली, तेव्हा सर्वांत चांगला एलईडी आणि सर्वांत चांगला सोडियम दिवा दोघेही १.७ वरच होते. म्हणजे तेव्हा एलईडी पुढे नव्हता. त्याच वर्षी निळ्या एलईडीच्या शोधाला नोबेल मिळालं, कारण निळ्यावाचून पांढरा एलईडी होत नाही. पुढे अमेरिकेतल्या डीएलसी या संस्थेने आपल्या यादीत ग्रो लाइट घेण्यासाठी आधी किमान १.९ ची अट घातली, नंतर ती २.३ केली. तेव्हा आज कोणी १.५ ची लाइट 'लेटेस्ट टेक्नॉलॉजी' म्हणून विकत असेल तर समजून घ्या, ती घरातल्या पट्टीच्या पातळीवर आहे.

उलट बाजूनेही फसवतात. कोणी सहा किंवा सात मायक्रोमोल सांगितले तर सरळ उठून या. ६६० नॅनोमीटरच्या शुद्ध लाल उजेडालाही, एक कणभर वीज वाया न घालवता, साडेपाचच्या वर जाता येत नाही. निळ्याला तर पावणेचार-चारच. तो पदार्थविज्ञानाचा नियम आहे, कंपनी कुठलीही असो.

*आता पैशात बघू*

समजा दहा चौरस मीटरच्या रॅकवर लेट्यूससारखी सॅलडची पालेभाजी करायची आहे. तिला दिवसाला चौरस मीटरमागे १२ मोल तरी हवेत.

साध्या पट्टीने: १२ भागिले ५.४, म्हणजे चौरस मीटरला रोज २.२ युनिट.
२.५ च्या ग्रो लाइटने: १२ भागिले ९, म्हणजे १.३ युनिट.

वीज आठ रुपये युनिट धरली तर चौरस मीटरमागे रोज सात रुपयांचा फरक, दहा चौरस मीटरला ७१ रुपयांचा. वर्षात तीनशे दिवस दिवे चालले तर २१ हजार. आता दोन्ही सेटच्या किमतीतला फरक काढा. तो २१ हजारांच्या आत असेल तर महाग लाइट वर्षभरात पैसे फेडते. चाळीस हजार असेल तर दोन वर्षं लागतील, आणि तोवर ती टिकायला हवी.

आठ रुपये हा आकडा तुम्ही तुमचा घाला. आणि बिलावरचा नुसता 'वीज आकार' बघू नका. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क सगळं धरून बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट. तो तुमचा खरा दर.

दिव्यातला सगळा उजेड पानावर पडत नाही. काही भिंतीवर, काही वाटेवर सांडतो. म्हणून हिशोबात थोडी भर धरा. दिवे ट्रेच्या जवळ, कप्प्याच्या लांबीभर सारखे पसरलेले असले तर कमी सांडतो. लांब पट्ट्या इथे चौकोनी पॅनेलपेक्षा बऱ्या. रॅकच्या बाजूंना पांढरा पत्रा लावला तरी फरक पडतो.

मायक्रोग्रीनचं गणित वेगळं. पीक आठ-बारा दिवसांचं, पहिले दोन-तीन दिवस अंधारातच, आणि बियाण्यातच पुष्कळ अन्न असतं. त्याला उजेड लेट्यूसच्या निम्माही चालतो. आमचं मत: मायक्रोग्रीनला चांगल्या कंपनीच्या साध्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या पुरेत. केळीच्या टिश्यू कल्चर रोपांच्या खोलीतही तसंच, तिथे उजेड कमीच लागतो. महाग लाइटचे पैसे उजेड भरपूर खाणाऱ्या, वर्षभर चालणाऱ्या पिकातच वसूल होतात.

आणि खोलीत टोमॅटो, ढोबळी मिरची? नाही. का नाही ते सूर्याकडे बघून कळतं. आपल्याकडे उन्हाळ्याच्या निरभ्र दिवशी चौरस मीटरवर ४५ मोलच्या आसपास उजेड पडतो. तेवढा उजेड २.० च्या दिव्याने पाडायचा तर सव्वासहा युनिट लागतात, म्हणजे पन्नास रुपये. गुंठ्याला रोज पाच हजार रुपये. तेवढ्या किमतीचा उजेड सूर्य तुमच्या गुंठ्यावर फुकट टाकतो. पावसाळी ढगात तो कमी होतो, पण शेडनेटमधल्या भाजीच्या रोपांना तेवढाही पुरतो. रोपं लांबट होत असतील तर आधी नेटची टक्केवारी आणि ट्रेमधली दाटी बघा, लाइट नंतर. कापसाच्या, सोयाबीनच्या दरात रोजचं असलं बिल बसत नाहीच, पण चढ्या दराच्या पालेभाजीतही बसवताना भलेभले थकले. अमेरिकेतली एरोफार्म्स ही खोलीतल्या शेतीतली नावाजलेली कंपनी जून २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली होती.

*केशरवाल्यांनी हे नीट वाचा*

सगळ्यात जास्त चौकशी केशराची, म्हणून जरा थांबून.

व्हिडिओत दिसतं ते फूल. आणि गंमत अशी, की फुलाला उजेड फारसा लागतच नाही. केशराचं फूल कंदात आधीच साठलेल्या अन्नावर येतं. मातीही नको, पाणीही नको, तापमान उतरवलं की ट्रेमधल्या कोरड्या कंदाला फूल येतं. त्यामुळे "आमच्या लाइटवर केशर फुललं" या जाहिरातीत लाइटचं कर्तृत्व शून्य आहे. कंद ज्याने पोसला, त्याचं ते कर्तृत्व.

लाइटचं काम फुलं खुडल्यावर सुरू होतं. पानं वाढतात, पानं अन्न करतात, त्या अन्नावर जुन्या कंदाच्या जागी नवे कंद धरतात आणि जुना सुकून जातो. हे काम पुढचे चारेक महिने चालतं. या काळात उजेड कमी पडला तर नवे कंद बारीक राहतात, आणि आठ-दहा ग्रॅमपेक्षा लहान कंदाला पुढच्या वर्षी सहसा फूल येत नाही. म्हणजे पहिल्या वर्षी फुलं, फोटो, पेपरात बातमी. दुसऱ्या वर्षी पुन्हा कंद विकत. ज्याने लाइट विकली तोच बहुतेक कंदही विकत असतो.

काश्मीरमध्ये काही शेतकरी कंद घरात ट्रेमध्ये फुलवतात, पण फुलं काढून झाली की कंद परत शेतात लावतात. कंद पोसायचं काम फुकटचा सूर्य आणि तिथली थंडी करते. पाम्पोरसारखा थंड हिवाळा आपल्याकडे नाही. त्यामुळे आपल्याकडचा खोलीवाला ते काम विजेवर करतो.

तर हिशोब करू. समजा रॅकचं क्षेत्र सगळे कप्पे मिळून वीस चौरस मीटर, सॅलडइतकाच म्हणजे रोज १२ मोल उजेड, आणि १२० दिवस. २.५ च्या लाइटने ३,२०० युनिट लागतील, आठ रुपयांनी २५,६०० रुपये. १.० ची स्वस्त जांभळी लाइट असेल तर ८,००० युनिट, ६४,००० रुपये. उजेड तेवढाच, कंद तेवढेच. आणि हे फक्त दिव्याचं.

कारण दिव्याने खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. केशराच्या खोलीत ती उष्णता एसीला बाहेर काढावी लागते. चांगल्या एसीलाही दिव्याच्या तीन युनिटमागे साधारण एक युनिट जास्त लागतं. म्हणजे कमी कार्यक्षम लाइट दोनदा बिल वाढवते. आता समोर ठेवा, की एक ग्रॅम सुक्या केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात, आणि चांगला मोठा कंद एक ते तीन फुलं देतो. तुमच्या ट्रेमध्ये किती कंद बसतात, किती ग्रॅम निघेल, तुम्हीच काढा. आम्ही केशर करू नका म्हणत नाही. पण कर्ज काढायच्या आधी दुसऱ्या वर्षीच्या कंदांचा हिशोब विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

*बॉक्सवरचे वॉट घरीच तपासा*

ऑनलाइन मिळणाऱ्या पुष्कळ लाइटवर १००० वॉट ठळक लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात ती शंभर-दीडशे वॉट खाते. दुकानदार म्हणतो, "हजार वॉटच्या बरोबरीची." कशाच्या बरोबरीची, ते सांगत नाही.

तपासायला फक्त घरचा मीटर लागतो. मीटरवर एक लाल दिवा मिचकावतो आणि शेजारी लिहिलेलं असतं, एका युनिटला किती मिचकावण्या. पुष्कळ मीटरवर तो आकडा ३२०० असतो. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. फक्त ती लाइट चालू ठेवा. तीन मिनिटं मिचकावण्या मोजा. ३२०० च्या मीटरवर १०० वॉटची लाइट तीन मिनिटांत सोळा वेळा मिचकावेल. खरंच हजार वॉटची असेल तर १६० वेळा. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, वाद झाला तर कामाला येतो.

उजेड मोजायला मोबाइलमधलं लक्स मोजायचं ॲप चालतं, पण फक्त पांढऱ्या लाइटला. ट्रेच्या उंचीवर मोबाइल आडवा ठेवा, आलेले लक्स भागिले ६७. तो साधारण सेकंदाला चौरस मीटरमागचा मायक्रोमोलचा आकडा. त्याला दिवे चालण्याच्या तासांनी गुणा, मग ०.००३६ ने गुणा, म्हणजे दिवसाचे मोल मिळाले. उदाहरणार्थ १३,४०० लक्स म्हणजे २००, आणि सोळा तासांत साडेअकरा मोल. उन्हात ६७ ऐवजी ५४ ने भागायचं. मोबाइल-मोबाइलमध्ये फरक पडतो, त्यामुळे हा आकडा सोन्याच्या काट्यासारखा धरू नका. दोन लाइट एकाच मोबाइलने, एकाच उंचीवरून मोजल्या तर तुलना मात्र चांगली होते. एका जागी मोजू नका, ट्रेच्या कोपऱ्यातही मोजा.

जांभळ्या लाइटला हे ॲप लागू पडत नाही, आकडा फार कमी दाखवतं. तशीही आम्ही पांढरीच सुचवतो. पांढऱ्यात थोडे लाल एलईडी मिसळलेले असतील तर उत्तम. हिरवा उजेड झाडाला चालत नाही हा गैरसमज आहे, पानं तोही वापरतात. आणि जांभळ्यात पान पिवळं पडलं की करपलं ते डोळ्याला कळत नाही. रोग दिसतो तेव्हा ट्रे गेलेला असतो.

*जोडणीचं*

शेतीपंपाच्या जोडणीवर खोलीचे दिवे लावू नका. ती जोडणी पंपासाठी आहे, आणि फिडरवर आठ-दहा तासच वीज असते, सोळा तास दिवे कुठून चालणार? महावितरणच्या दरपत्रकात पंपाखेरीजच्या शेतीकामांसाठी 'शेती-इतर' असा वर्ग आहे. टिश्यू कल्चर, ग्रीनहाऊस, मशरूम, रोपवाटिका त्यात येतात. तुमचं काम त्यात बसतं का, ते उपविभाग कार्यालयात अर्ज देऊन लेखी विचारा. घरगुती मीटरवर भार वाढवून चालवलं तर युनिटचा टप्पा वर जातो आणि वरचा सगळा हिशोब कोलमडतो.

लाइटमध्ये आधी जातो तो ड्रायव्हर, एलईडी नव्हे. गावात व्होल्टेज वरखाली होतं, म्हणून ड्रायव्हर वेगळा काढून बदलता येतो का, ते विचारा. आयपी ६५ लिहिलेलं आहे का बघा, रॅकवर ओल असतेच. आणि एलएम-७९ चाचणीचा अहवाल मागा. वॉट, मायक्रोमोल, कार्यक्षमता सगळं त्यात असतं. ज्याच्याकडे माल खरा आहे तो पाच मिनिटांत पीडीएफ पाठवतो.

कोटेशन आलं असेल तर सही करायच्या आधी त्याचा फोटो याच नंबरवर पाठवा. सोबत तुमचं पीक, रॅकचं क्षेत्र आणि शेवटचं वीजबिल. मोलाचा हिशोब आम्ही करून देऊ. प्लगमध्ये लावून वॉट दाखवणारी छोटी मीटर कार्यालयात आहेत, सभासदांना दोन दिवसांसाठी मिळतील. दोनच आहेत, नेताना वहीत नाव लिहा.